मेड्यूसेचें मुख व ग्रीकांचे अलंकार

शाळेच्या वार्षिकांत इतिहासाचा एखादा तरी विषय यावा, अशी आपणांपैकीं पुष्कळांची इच्छा असते. यंदा जो विषय आम्हीं निवडिला आहे तो आम्हांस कोणत्याही पुस्तकानें सुचविला नाहीं. वर्गांतील एका लहानशा प्रसंगानें सुचविला. तो प्रसंग प्रथम सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांत खेड्यांतून एक मुलगा नवीन आला. त्याच्या गळ्यांत काळ्या दोऱ्यांत ओंवलेला तांब्याचा ताईत होता. मधल्या सुटीनंतर तास सुरू होतां होतां कोणी तरी त्या ताइताची थट्टा केली, कोणी तरी तो ओढला, आणि दोरा तुटला. सारा वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हीही क्षणभर ओठांतल्या ओठांत हंसलों. मुलगा रडला नाहीं. तुटलेला दोरा मुठींत धरून तो तासभर खालीं मान घालून बसला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई दोन कोस चालून शाळेंत आली. तिनें कोणाविरुद्ध तक्रार केली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, “गुरुजी, ह्याच्या आधीचे दोघे राहिले नाहींत. म्हणून ह्याला बांधलं होतं.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ताइतांत रोग निवारण्याची शक्ति नाहीं, हें आम्ही जाणतों व वर्गांत शिकवितोंही. परंतु ज्या वस्तूस आम्ही हंसलों तिच्या मागें काय आहे, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. प्रस्तुत लेख हा त्या विचाराचा प्रयत्न आहे. त्यासाठीं आपणांस ज्या लोकांकडे न्यावयाचें आहे त्यांना अडाणी म्हणून कोणीही हंसणार नाहीं. भूमिति, नाटक व तत्त्वज्ञान ह्यांस ज्यांनीं शास्त्राचें व कलेचें रूप दिलें, ते प्राचीन ग्रीक लोकच आपल्या मुलांच्या अंगावर, आपल्या ढालींवर आणि आपल्या स्त्रियांच्या दागिन्यांवर एका राक्षसीचें तोंड कोरीत असत. तें कां, हें आतां पाहूं.

त्या राक्षसीचें नांव मेड्यूसा. इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हीसिअड कवीच्या काव्यांत तीन गॉर्गन भगिनींचा उल्लेख आहे. स्थेनो, युरिअली व मेड्यूसा अशीं त्यांचीं नांवें. पहिल्या दोघी अमर होत्या, मेड्यूसा मात्र मर्त्य होती. गॉर्गनांच्या मस्तकावर केंसांच्या जागीं साप वळवळत असत, आणि त्यांचें तोंड जो पाही तो जागच्या जागीं दगड होऊन जाई, अशी समजूत होती. पुढें पर्सिअस नांवाच्या तरुणास एका दुष्ट राजानें मेड्यूसेचें शिर आणावयास पाठविलें. हेतु असा कीं, तो परत येऊंच नये. परंतु अथीना देवीनें त्यास साहाय्य केलें. मेड्यूसेकडे समोरून न पाहतां आपल्या लखलखीत ढालींत पडलेलें तिचें प्रतिबिंब पाहून त्यानें तिचें शिर छेदिलें व तें शेवटीं देवीस अर्पण केलें. अथीनेनें तें आपल्या छातीवरील कवचावर बसविलें. ह्या कवचास ग्रीक लोक ‘ईजिस’ म्हणत, आणि शिराच्या त्या चित्रास ‘गॉर्गोनिऑन’ असें नांव पडलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जी राक्षसी जिवंतपणीं माणसांचा नाश करी, तिचेंच मुख मेल्यावर रक्षक झालें. शत्रूच्या हातांतील शस्त्र हिसकावून घेऊन आपल्या दारावर टांगावें, त्यांतलाच हा प्रकार होय. होमरच्या इलियडमध्यें अथीनेच्या कवचावर गॉर्गनचें डोकें आहे, तसेंच आगमेम्नॉन राजाच्या ढालीवरही आहे. शत्रूनें ढालीकडे पाहतांच त्याचें काळीज दगडासारखें थिजावें, हा त्यांतील हेतु. पासेनिअस नांवाचा प्रवासी इ. स. च्या २ ऱ्या शतकांत ग्रीसभर हिंडला. टेजिआ नगराविषयीं तो सांगतो कीं, देवीनें मेड्यूसेच्या केंसांची एक बट तेथील राजास दिली होती आणि तिच्या योगें तें नगर कधींही शत्रूच्या हातीं जाणार नाहीं अशी लोकांची श्रद्धा होती.

प्रारंभींच्या काळांतील गॉर्गनचें मुख पाहिलें तर लहान मूल खरोखरच दचकेल. वाटोळा चेहरा, वटारलेले डोळे, चपटें नाक, रुंद पसरलेलें तोंड, बाहेर आलेले सुळे, लोंबणारी जीभ आणि कधीं कधीं हनुवटीस दाढीसुद्धां! ग्रीक चित्रकार इतर पात्रें बहुधा एका बाजूनें दाखवीत, परंतु गॉर्गनचें तोंड मात्र नेहमीं समोरून काढीत, कारण तिची सारी शक्ति तिच्या पाहण्यांत होती. कॉर्फू बेटांत आर्टेमिस देवीच्या मंदिराचे अवशेष आहेत. इ. स. पूर्वीं ५८० च्या सुमाराच्या ह्या मंदिराच्या दर्शनी शिखराच्या मधोमध अशीच एक प्रचंड गॉर्गन कोरलेली होती व तिच्या कमरेस दोन सापांचा पट्टा होता. हीं शिल्पें १९११ सालीं उकरून काढण्यांत आलीं. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर अगर देवाच्या प्रभावळीच्या माथ्यावर कीर्तिमुख असतें, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ह्या कल्पनेचें फारसें नवल वाटणार नाहीं. दोन्हींचा जन्म वेगळा व कथाही वेगळ्या. परंतु पवित्र जागेच्या तोंडाशीं उग्र मुखाचा पहारा बसवावा, ही बुद्धि दोन्हीकडे सारखीच आहे.

आतां अलंकारांकडे वळूं. ग्रीक सोनार सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर मुख उठवीत, मग कडेनें बारीक तार व रवे जडवीत. असा टिकला हारांत पदक म्हणून ओंवीत किंवा वस्त्रावर शिवून टांकीत. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या, आणि त्यांच्या शेजारीं सिथिअन सरदार राहात. क्रिमियांत केर्च गांवाजवळ कुल-ओबा येथें १८३० सालीं एका सिथिअन सरदाराची कबर उघडली गेली, तींत सोन्याचे पुष्कळ दागिने सांपडले. ते इ. स. पूर्वीं ४ थ्या शतकांतले असून बहुतेक आज सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयांत आहेत. त्यांपैकीं दोन पदकांवर शिरस्त्राण घातलेल्या अथीनेचें मुख आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरांत फिडिअस शिल्पकारानें सोनें व हस्तिदंत ह्यांची जी भव्य मूर्ति इ. स. पूर्वीं ४३८ सालीं उभी केली होती, ती आतां नष्ट झाली आहे. तिचें मस्तक कसें होतें हें सांगणाऱ्या थोड्या साधनांत हीं पदकें मोडतात. त्या मूर्तीच्या छातीवर हस्तिदंती मेड्यूसा होती, असें पासेनिअसनें लिहून ठेविलें आहे.

मेड्यूसा एकटीच हें काम करी असें नाहीं. कर्णभूषणांच्या वळ्यांच्या टोंकाशीं सिंहाचें डोकें बसविण्याची चाल इ. स. पूर्वीं ४ थ्या शतकाच्या अखेरीस फार पसरली. ग्रिफिन हा गरुडाच्या चोंचीचा व सिंहाच्या धडाचा प्राणी उत्तरेकडील सोन्याची राखण करितो, अशी कथा हिरोडोटसनें नमूद केली आहे. तेव्हां सोन्याच्या दागिन्यांवर त्याचें चित्र शोभावें हें साहजिकच होय. बायका हातांत सापाचीं वळीं घालीत. मात्र ह्या सर्वांमध्यें गॉर्गनचें मुखच अधिक प्रिय होतें, कारण ज्या संकटाची लोकांस विशेष भीति वाटे तें संकट डोळ्यांतून येतें अशी त्यांची समजूत होती.

तें संकट म्हणजे दृष्ट. ग्रीक तिला ‘बास्कानिआ’ म्हणत. सुंदर मूल, नवी नवरी, भरलेली गोठण, यशस्वी कारागीर ह्यांच्यावर कोणाची तरी हेव्याची नजर पडेल आणि त्यांचें वाईट होईल, ही भीति शेतकऱ्यापासून पंडितापर्यंत सर्वांस असे. भट्टींत भांडीं तडकूं नयेत म्हणून कुंभारसुद्धां भट्टीवर एखादा हिडीस मुखवटा बसवीत. प्लूटार्क हा विद्वान लेखक इ. स. १२० च्या सुमारास वारला. त्यानें आपल्या एका ग्रंथांत ह्या विषयावर जेवणाच्या वेळचा एक संवाद दिला आहे. ताइतांच्या उपयोगाचें कारण त्यांत असें सांगितलें आहे कीं, त्यांचें विचित्र रूप पाहणाऱ्याची नजर आपल्याकडे ओढून घेतें व मग ती माणसावर पूर्ण जोरानें पडत नाहीं. बाळाच्या गालास काजळाची तीट लावणाऱ्या आमच्या आजीबाईंस प्लूटार्कचें नांवही ठाऊक नव्हतें, तरी तिनें हेंच कारण सांगितलें असतें.

ह्या श्रद्धेचें सर्वांत हृदयस्पर्शी चित्र युरिपिडीस कवीच्या ‘आयॉन’ नाटकांत आढळतें. हें नाटक इ. स. पूर्वीं ५ व्या शतकाच्या अखेरीचें आहे. अथेन्सची राजकन्या क्रेऊसा हिला कुमारी असतांनाच अपोलो देवापासून पुत्र झाला. कुंतीनें कर्णास सोडिलें त्याचप्रमाणें तिनेंही लोकलज्जेस्तव तान्ह्या बाळास एका पेटाऱ्यांत घालून गुहेंत ठेविलें. मात्र सोडतांना तिनें त्याच्याजवळ सोन्याचे साप ठेविले, कारण अथेन्सच्या मुलांच्या अंगावर असे साप घालण्याची वडिलोपार्जित चाल होती. मुलीपणीं आपल्या हातानें विणलेलें एक अर्धवट वस्त्रही तिनें त्याच्याभोंवतीं गुंडाळिलें. त्या वस्त्राच्या मधोमध गॉर्गनचें चित्र होतें व कडेनें साप होते. देवानें तें मूल गुपचुप डेल्फी येथें नेवविलें. तेथें मंदिराच्या पुजारिणीनें त्यास वाढविलें, आणि तो देवळाचा झाडलोट करणारा सेवक झाला.

पुष्कळ वर्षांनीं क्रेऊसा व तिचा पति अपत्यासाठीं कौल मागावयास त्याच मंदिरांत आलीं. हा तरुण सेवक तुझा पुत्र आहे, असा कौल पतीस मिळाला. पतीचा कोठला तरी मुलगा आपल्या घराण्याच्या गादीवर बसणार, ह्या संतापानें राणी भान विसरली. तिच्या मनगटावर सोन्यांत जतन केलेले गॉर्गनच्या रक्ताचे दोन थेंब होते. एक थेंब रोग निवारी, दुसरा प्राण घेई. दुसरा थेंब तिनें आपल्या म्हाताऱ्या सेवकाकरवीं त्या तरुणाच्या द्राक्षरसांत घालविला. सुदैवानें मेजवानींत कोणी तरी अशुभ शब्द उच्चारला, म्हणून त्या तरुणानें सर्वांस पेले जमिनीवर ओतावयास सांगितले. खालीं सांडलेला रस पिण्यास पारवे आले. त्याच्या पेल्यांतला रस प्यालेलें पांखरूं तडफडून मेलें. कट उघडकीस आला. राणी वेदीच्या आश्रयास धांवली, आणि तो तिला ठार करावयास तिच्या मागें आला.

इतक्यांत पुजारीण तो जुना पेटारा घेऊन आली. राणीनें तो ओळखिला. तरुणाचा विश्वास बसेना. आंत काय आहे तें न पाहतां सांग, असें तो म्हणाला. तिनें प्रथम गॉर्गनचें चित्र असलेलें तें अर्धवट विणलेलें वस्त्र सांगितलें, मग सोन्याचे साप सांगितले, आणि शेवटीं ऑलिव्हच्या पानांची न सुकलेली माळ सांगितली. ज्या मुलास ती मारूं पाहात होती तो तिचाच होता. जिला तो मारूं पाहात होता ती त्याची आई होती.

विद्यार्थिमित्रहो, ह्या कथेचा थोडा विचार करा. त्या सोन्याच्या सापांनीं कोणाचाही फडशा पाडला नाहीं, वस्त्रावरील गॉर्गननें कोणासही दगड केलें नाहीं. त्या वस्तूंनीं एकच काम केलें. ह्या मुलावर कोणाचें तरी प्रेम होतें, अशी साक्ष त्यांनीं इतक्या वर्षांनंतर दिली. मुलाचा व आईचा प्राण वांचला तो त्या साक्षीमुळें.

पुढें रोमी लोकांच्या अमदानींत मेड्यूसेचें रूप पालटलें. सुळे गेले, जीभ आंत गेली, आणि तिच्या जागीं एक सुंदर पण उदास स्त्री आली. केंसांत दोन लहान पंख व हनुवटीखालीं गांठ मारलेले साप एवढीच तिची ओळख राहिली. पाँपी नगरांत १८३१ सालीं सांपडलेल्या प्रसिद्ध चित्रांत अलेक्झांडरच्या छातीवर तिचेंच मुख आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथें रोमी काळांत काळ्या जेट दगडांत कोरलेलीं मेड्यूसेचीं पदकें सांपडलीं आहेत. प्लिनी लिहितो कीं, हा दगड जाळला असतां साप पळून जातात. म्हणजे दगड व चित्र दोन्ही रक्षणासाठींच निवडलेलीं होतीं.

ह्या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. ऑव्हिड कवि सांगतो कीं, पर्सिअसनें मेड्यूसेचें शिर समुद्रकांठीं पाणवनस्पतींवर ठेविलें, तेव्हां त्या कठीण झाल्या आणि त्यांचींच पोवळीं झालीं. म्हणून पोवळ्यास ‘गॉर्गोनिआ’ असेंही नांव होतें. पोवळें ही वनस्पति नसून सूक्ष्म सागरी प्राण्यांनीं बांधलेला चुन्याचा सांगाडा आहे, हें शास्त्रज्ञांस १८ व्या शतकांत कळलें. इ. स. ७९ मध्यें वारलेला प्लिनी म्हणतो कीं, पोवळ्याची फांदी तान्ह्या मुलांच्या गळ्यांत रक्षणासाठीं बांधीत. तो असेंही सांगतो कीं, रोमी स्त्रियांस हिंदुस्थानचे मोतीं जितके प्रिय तितकींच हिंदी लोकांस पोवळीं प्रिय असून त्यांचे दैवज्ञही पोवळ्यास संकटनिवारक मानितात. त्याच शतकांतील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत पोवळ्यांचें नांव आहे. पैठणाहून अकीकासारखे खडे गाड्यांनीं भडोचास जात, असेंही त्यांत लिहिलें आहे. अशा थराथरांच्या खड्यांवर रोमी कारागीर मुखें कोरीत. भूमध्य समुद्राचें पोवळें इकडे आलें व दख्खनचा खडा तिकडे गेला. दोन्ही ठिकाणीं आईच्या मनांतील काळजी मात्र एकच होती.

ख्रिस्ती धर्म पसरल्यावर ह्या चालींचें काय झालें, असें पालकांपैकीं कोणी विचारील. ४ थ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑक नगरांत योहान क्रिसोस्तोम हा मोठा वक्ता उपदेश करीत असे. स्नानाच्या वेळीं दाया मुलांच्या कपाळास दृष्टीसाठीं चिखलाचें बोट लावितात, ह्याबद्दल त्यानें लोकांची कडक कानउघाडणी केली. अलेक्झांडरचीं नाणीं डोक्यास व पायांस बांधणाऱ्यांनाही त्यानें दोष दिला. तरी चाल बंद पडली नाहीं. त्यानंतर कित्येक शतकें बायझंटाइन राज्यांत स्त्रियांच्या दुखण्यावर असे ताईत वापरले जात कीं, त्यांच्या एका बाजूस सर्पवेष्टित मुख असे आणि दुसऱ्या बाजूस संताचें चित्र किंवा प्रार्थनेचे शब्द. उपदेशकाची वाणी सोन्यासारखी होती, तरी केवळ कानउघाडणीनें आयांची भीति गेली नाहीं.

आजही ती सर्वस्वीं गेलेली नाहीं. ग्रीस व तुर्कस्तान येथें निळ्या कांचेचा डोळा लहान मुलांच्या कपड्यांस अडकवितात. सिसिली बेटाच्या झेंड्यावर, तीन पायांच्या चिन्हाच्या मध्यभागीं, गॉर्गनचें मुख आहे. व्हर्साची ह्या इटालियन पेढीनेंही मेड्यूसेलाच आपली निशाणी केलें आहे. जे ती निशाणी मिरवितात त्यांस बहुधा भीति नसते, फक्त हौस असते. भीतीचें ओझें उतरलें म्हणजे ताइताचा नुसता दागिना होतो.

मग भीतीचें ओझें उतरावयाचें कसें? आमच्या मतें तें हंसण्यानें उतरत नाहीं. ज्या काळीं घराघरांतून तान्हीं मुलें दगावत व कारण कोणासच कळत नसे, त्या काळीं आईच्या हातीं दोरा बांधण्यापलीकडे दुसरें काय होतें? आज कारणें कळलीं आहेत. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, तो कोणत्याही ताइतानें गेला नाहीं. लस टोंचल्यानें गेला. हें ज्ञान आपणांस मिळालें तें दुसऱ्यास लाजविण्यासाठीं नव्हे. ज्यास तें मिळालें नाहीं त्याच्यापर्यंत तें हळुवार हातानें नेऊन पोंचविणें, हेंच शिकलेल्या माणसाचें काम होय.

आतां थोडक्यांत प्रसंगाचा शेवट सांगतों. ज्या विद्यार्थ्यानें दोरा ओढला होता त्यानें आपण होऊन नवा दोरा आणून दिला व क्षमा मागितली. आम्हींही त्या माउलीची क्षमा मागितली. ताईत ठेवावा कीं काढावा ह्याविषयीं आम्हीं तिला एक शब्दही सांगितला नाहीं. तिच्या धाकट्या मुलीस अजून लस टोंचलेली नव्हती, त्याविषयीं मात्र आम्ही पुष्कळ वेळ बोललों. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि पुढील आठवड्यांत मुलीस दवाखान्यांत नेलें. आम्हांस वाटतें, तिनें ऐकलें ह्याचें कारण इतकेंच कीं, त्या वेळीं आम्ही हंसत नव्हतों.